केबल पुढच्या शुक्रवारी

३ जून, मंगळवार

सकाळपासून गाडीखाली. पाठीचं खोबरं झालं. मागची दोन्ही चाकं धरत होती. पेडण्याहून घरी येईपर्यंत ड्रम असे तापले की सु. म्हणाली, वर तवा ठेव, पोळे घालते. बायकोला विनोद सुचतो तो नेमका अशा वेळी.

पास्कूच्या गॅरेजात काल दाखवली होती. त्याने नुसतं वाकून बघितलं आणि मान हलवली. म्हणे हँडब्रेकची केबल गंजून आवळली आहे, नवी घाल, लायनर बदल, दोन दिवस गाडी इथे ठेव. ठेवतो! मुलीला, नेहाला नर्सिंगला घातल्यापासून गाडीवर बाहेरचा खर्च बंद, हा माझाच ठराव. डिचोलीला खाणीवर बारा वर्षं टिप्पर चालवला. भर रस्त्यात चाक उतरवून बेअरिंग बदललं आहे. ह्या एवढ्याशा पिकपला मेकॅनिक कशाला?

गाडी आधी हरमलच्या किनाऱ्यावरच्या एका शॅकवाल्याची. खाऱ्या वाऱ्याने पोखरलेली, अजून सीटखाली वाळू सापडते. केबल दोन्ही चाकांकडून सोडवली आणि लोंबू नये म्हणून बाइंडिंग तारेने वर बांधून टाकली. चाकं लगेच मोकळी. हँ.ब्रे.चा दांडा ओढला की कट कट आवाज येतो, पण मागे चाकाला काही पोचत नाही. तात्पुरतं आहे. पायाचा ब्रेक ठणठणीत. नवी केबल शुक्रवारी म्हापशाहून.

सु. : 'पास्कूक इचारलंस?'
मी : 'पास्कू काय देव?'

जेवण झकास लागलं.

६ जून, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. शेजारणींच्या कांद्याच्या माळा, सोलं, सुकी मासळी, सगळं गाडीत. पावसाळ्याच्या बेगमीची गर्दी, नाक खाजवायला फुरसत नाही. स्पेअरपार्टवाल्याकडे गेलो तर ह्या मॉडेलची केबल संपलेली. 'फुडल्या शुक्रारा येतली.' बरं. वायपरचं रबर घेऊन आलो.

तोवर चिरा आहेच. चढउतारावर उभी केली की मागच्या चाकाला लावायचा. खाणीवर आम्ही सगळे लाकडी ओंडका लावायचो, इथे जांभ्याचा अर्धा चिरा. कुंपणाच्या कामातून उरलेला, पावसात अंगणात पडून होता. फुकट.

११ जून, बुधवार

आता सेल्फ. किल्ली फिरवली की नुसता टक्. सोप्यावर पेपर पसरून सगळा खोलला, कार्बन घासले, ग्रीस लावलं, परत जोडला. एक वॉशर उरला. कुठला ते आठवेना. खिशात घालून ठेवला.

सु. : 'तुजी गाडी दर खेपेक हलकी होता.'

संध्याकाळी पहिल्या झटक्यात सुरू झाली. उद्याचं माहीत नाही. अडचणीच्या जागी थांबलो तर इंजिन बंद करायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

१५ जून, रविवार

दादाच्या गणपतीच्या शाळेत गेलो होतो. शाळा म्हणजे त्याच्या घरामागची पत्र्याची शेड, पण आमच्या वडलांपासून नाव तेच. भिंतीला लोकांचे पाट लागायला सुरुवात झाली आहे. प्रत्येकाच्या घरचा पाट, मागे खडूने नाव. चाळीसेक होतात दर वर्षी. दादा सोंडेवरून बोट फिरवत होता. आंगठ्याशेजारचं बोट, तेवढंच. माती आपणहून वळते त्याच्याकडे. वडलांनी दोघांनाही एकाच दिवशी बसवलं होतं. माझ्या गणपतीला बघून ते म्हणाले होते, हा उंदीर बरा झाला आहे. मी खाणीवर गेलो ते बरंच झालं.

दादा : 'शनवारी माती हाड रे. उरलेली पुराची नाय.'

डिचोलीकडच्या शेतातली माती, नेहमीचीच. आणतो म्हटलं. निघताना तो गाडीशी आला, वाकून बघत विचारलं, 'ती तार कसली लोंबता?'

'सायलेन्सरची,' मी म्हटलं.

का म्हटलं असं? दादा विचारतो म्हणजे हसणार असं वाटलं. तो नेहमी म्हणतो, तू खाणीवर ड्रायवर होतास, मेकॅनिक नव्हे. परत ऐकायचं नव्हतं.

२० जून, शुक्रवार

केबल आठवडाभर उशिरा आली आहे. स्पेअरपार्टवाल्याने फोन करून सांगितलं. पण पाऊस धो धो, बाजारातून निघेपर्यंत दीड वाजला, शिवाय गाडी आत गल्लीत घालायची म्हणजे सेल्फची भीती. पळून जात नाही केबल. पुढच्या शुक्रवारी.

२१ जून, शनिवार

दादाचा हात. गाडीमागे. म्हापशाला हॉस्पिटलात नेला, तिथून पुढे पाठवला. कपड्यांवर माती आणि

२३ जून, सोमवार

नीट लिहून ठेवतो. नाहीतर पुढे मीच बदलून सांगायला लागेन.

माती भरून अकराला दादाकडे पोचलो. शेडकडे उतार आहे, गाडी मागे मागे घेत नेली. शेडच्या खांबापासून हातभर अंतरावर थांबवली. इंजिन चालू ठेवलं, न्यूट्रलवर. बंद केलं असतं आणि सेल्फने घेतलं नसतं तर भरलेली गाडी वर ढकलणार कोण? खाली उतरून मागच्या चाकाला चिरा लावला. पाऊस थांबला होता. दादा फाळका उघडायला मागे आला. त्याने विचारलं,

'हँडब्रेक ओढलंस मरे?'

मी म्हटलं, 'ओढलंय.'

खोटं नव्हतं म्हणे. दांडा ओढला होता. कट कट वाजलंही होतं. त्याला ऐकू गेलं असणार.

तो खांब आणि फाळका यांच्या मध्ये गेला. एक कडी मी काढली, दुसरी तो काढत होता. चिरा फुटला. पावसाने भिजून भिजून आतून पीठ झाला होता. गाडी हातभर मागे आली. हातभरच. मी धावत जाऊन ब्रेक दाबला, तोवर दादा बाजूला सरला होता, पण त्याचा उजवा हात खांबावर चेपला होता. तो ओरडला नाही. 'गाडी फुडे घे' एवढंच म्हणाला, नेहमी सांगतो तसं.

दोन बोटं काढली. आंगठ्याशेजारची दोन. आंगठा आहे, पण वाकेल की नाही डॉक्टर सांगत नाहीत.

दादा माझ्या शब्दावर गाडीमागे उभा राहिला. नाहीतर उभा राहिला नसता, त्याला गाड्यांची भीतीच आहे लहानपणापासून.

२५ जून, बुधवार

सगळे चिऱ्याला बोलतात. वहिनी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मलाच समजावते. 'भावजी, तुमी कित्या मनाक लावन घेतात? चिरो फुटलो, तुमी काय करतलात?' माझ्यासाठी डब्यात वेगळी पेज आणली होती. गिळली. तोंड उघडलं होतं मी, पण पेजेसाठीच उघडलं असं झालं.

हॉस्पिटलातून थेट स्पेअरपार्टवाल्याकडे. केबल घेतली. बुधवारीही दुकान उघडं असतं, बुधवारीही मिळते केबल. तिथून पास्कूकडे. तो गाडीखाली गेला आणि माझी तार पकडीने कापून बाहेर आला.

'ही कोणी बांधली?'
'मीच.'

पास्कूला दादाचं कळलेलं आहे. पेडण्यात कोणाला नाही? तार माझ्या हातात दिली आणि परत आत गेला. केबल घालायला अर्धा तास लागला. सेल्फचा उरलेला वॉशर माझ्या खिशातच होता, तोही त्याने लावला. पैसे किती विचारलं तर म्हणाला, दादाला घरी येऊ दे, मग बघू. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तार डॅशबोर्डात ठेवली आहे. टाकून देववत नाही.

४ जुलै, शुक्रवार

दादा घरी. बँडेज केवढं तरी. बाकी तसाच, पोदेर पाव घेऊन आला तर त्याच्याशी दोन गोष्टी केल्या, उंडा पाव नको, कोंड्याची पोळी दे म्हणाला. माझ्याशीही बोलतो. पहिला प्रश्न मातीचा. मी सांगितलं, शेडमध्ये उतरवून झाकून ठेवली आहे. 'भिजत घाल. सुकली तर फातर जातली.'

भिजत घातली. पायाने तुडवली. खडे वेचले. वेचताना चिऱ्याचे तांबडे तुकडे सापडले, त्याच दिवशीचे. ते ओंजळीत घेऊन व्हाळाच्या पाण्यात टाकले आणि घरी येऊन सु.ला सगळं सांगितलं. केबल, तार, 'ओढलंय', सगळं. ती भांडली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली,

'माका सांगून काय उपयोग? दादांक सांग.'

१३ जुलै, रविवार

आजचा दिवस कोणाला येऊ नये.

दादाने ठरवलं, यंदा शाळा बंद. लोकांना दुसरा कारागीर बघायला वेळ मिळाला पाहिजे. पण पाट न्यायला लोकांना बोलवायचं नाही, त्यांना अवघड होईल, तोंडावर काय बोलावं कळणार नाही. आपण घरोघरी पोचवायचे. आपण म्हणजे मी, ह्याच गाडीने.

बेचाळीस पाट. मागे गोणपाट टाकून एकावर एक रचले. काही जुने, आजोबापणजोबांच्या वेळचे, कडा गुळगुळीत. दर वर्षी हेच पाट गणपती घेऊन उलट दिशेने जातात. प्रत्येक दारात तेच विचारतात, कसं झालं? मी सांगतो, चिरा फुटला. पहिल्या घरी अडखळलो. पाचव्या घरापर्यंत सफाईने यायला लागलं. पंधराव्या घरी वाक्य पूर्ण व्हायच्या आत समोरची बाई च् च् करते आणि मी मान खाली घालतो, तेही बरोबर जमतं. स्वतःचा वीट आला.

खालच्या वाड्यावरचे निवृत्त मास्तर पाट घेईनात.

'हो थंयच ऱ्हवांदी. फुडल्या वर्सा करतलो तो.'
'मास्तर, डॉक्टर म्हणतात...'
'डॉक्टरान खंय गणपती केल्लो?'

पाट परत नेला. दादाने मागचं खडूचं नाव वाचलं आणि पाट भिंतीला लावला. हसला थोडा. महिनाभरात पहिल्यांदा. मला रडू आलं म्हणून हात धुवायला गेलो.

२७ जुलै, रविवार

मास्तरांचा एक सोडून आणखी एक पाट शेडमध्ये आहे. आमचाच. आम्हा दोघा भावांचा गणपती एक, माझ्या घरी बसतो, वडलांच्या वेळेपासून. मी म्हटलं, यंदा म्हापशाहून आणू. दादाने असं बघितलं की मी पाट पुसायला घेतला.

'मिया करतंय. दाव्या हातान. तू माती दी.'

म्हणून रोज संध्याकाळी जातो. तो डाव्या हाताने करतो, उजवा मांडीवर ठेवतो, कधी विसरून उचलतो आणि परत खाली ठेवतो. ते बघवत नाही. पोट आणि पाय मला करायला दिले. ओरडतो. 'आंगठो नको रे, तळवो लाय, तळवो! हो काय चपाती?' ओरडला की बरं वाटतं.

१० ऑगस्ट, रविवार

आज सांगायचंच असं ठरवून गेलो. गाडीत दोनदा म्हणून बघितलं. शेडमध्ये शिरलो, तो सोंडेवर होता. तिसऱ्यांदा मोडली होती सोंड.

'दादा, त्या दिसा...'
'पाणी घाल मातयेक.'

घातलं. थोड्या वेळाने परत, 'दादा, मिया तुका...'
'आनी थोडा.'

मातीचा चिखल झाला. मग तीही मीच सावरली.  त्याला ऐकायचं नव्हतं की मला सांगायचं नव्हतं? निमित्त मिळालं आणि मी ते घेतलं, एवढं मात्र खरं आहे. गाडी चालवतानाही अशीच सवय माझी, अडलं की बाजूने काढायचं.

येताना घरासमोरच्या उतारावर थांबलो. हँ.ब्रे. ओढला, पाय सोडला. गाडी जागची हलत नाही. पाचसहा वेळा करून बघितलं. सु. दारातून बघत होती.

२५ ऑगस्ट, सोमवार

डोळे. ते काम दादा कोणाला देत नाही, वडलांनीही त्याला चाळिशीत दिलं. आज म्हणाला, माझं कोपर धर. मी दोन्ही हातांनी त्याचं डावं कोपर धरलं. श्वास रोखून. मध्येच पकड बदलली.

'हालू नको मरे.'

झाले. डावा डोळा किंचित खाली आला आहे. वहिनी म्हणाली, कोणाला कळणार नाही. दादा लांब जाऊन बघत राहिला. 'आमचो देव यंदा वायच तिरको बगता,' म्हणाला. मी उभा होतो तिथेच देव बघतो आहे, असं वाटलं मला. जागा बदलली तरी वाटलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गणपती घरी आणायचा दिवस. दर वर्षी दादा डोक्यावर घेऊन चालत येतो. यंदा हात नाही. म्हणाला, गाडीने नेऊ. तो स्वतः मागे फाळक्याला टेकून बसला, मांडीवर पाट, पाटावर गणपती, वर धुतलेलं उपरणं. मी पहिल्या गिअरमध्ये आणली. एवढी हळू कधी चालवली नव्हती. रस्त्यावर लोक थांबून हात जोडत होते.

घरासमोरच्या उतारावर थांबलो. सु. आणि नेहा आरती घेऊन दारात. मागून दादाचा आवाज आला. तोच सूर, तेच शब्द.

'हँडब्रेक ओढलंस मरे?'

 दोन महिन्यांत हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. सहज विचारलं? गाडी थांबली की तो विचारतोच, सवय आहे त्याची. पण.

'ओढलंय,' मी म्हटलं.

तो उतरला नाही. मी इंजिन बंद केलं, गिअर टाकला, खाली उतरलो, चाकाला दगड लावला. आता काळा दगड ठेवतो, चिरा नाही. तरी उतरला नाही. गणपती धरून माझ्याकडे बघत बसला. बारीक पाऊस सुरू झाला होता, उपरणं भिजायला लागलं. मग माझ्या तोंडून गेलं.

'आज ओढलंय, दादा. त्या दिसा केबलच नव्हती. मिया सोडवन तारेन बांदलेली. तू इचारलंस आणि मिया खोटा सांगलंय.'

नेहाच्या हातातली घंटा थांबली.   दादाने उपरणं सारखं केलं आणि म्हणाला,

'आदी ह्येका घरात घे. भिजता.'

पाट माझ्या हातात दिला. घेताना त्याच्या उरलेल्या बोटांना माझी बोटं लागली. तो एकटाच उतरला, माझा खांदा धरला नाही. गणपती बसेपर्यंत तिथेच होता. माझ्याशी एकदाच बोलला, समई सरळ कर म्हणून. ती सरळ केली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काल दीड दिवसाचं विसर्जन झालं. दादा व्हाळापर्यंत आला. पाण्यात गणपती मीच सोडला, त्याने काठावरून सांगितलं, हळू. मूर्ती दोनदा वर आली. डोळा दिसला.

आज पाट धुऊन वाळत घातला आहे. दादा सकाळी आला होता, पातोळ्या द्यायला. वहिनीने दिल्या म्हणाला. सु.शी बोलला, नेहाला परीक्षेचं विचारलं. पाटावरून हात फिरवला, डावा. 'शेडीत नेवन ठेव,' म्हणाला मला. मास्तरांच्या पाटाशेजारी का, हे विचारायचं होतं. पुढल्या वर्षी करशील का, हेही. आणि मला माफ केलंस का, हे तर जिभेवर होतंच. तो चप्पल घालायला लागला.

गाडी अंगणात भिंतीकडे पाठ करून उभी आहे. इंजिन बंद, गिअरमध्ये, हँ.ब्रे. ओढलेला, मागे काळा दगड. भिंत आणि गाडी यांच्या मधून त्याच्या घराकडे वाट जाते, माणूस आरामात जाईल एवढी. आयुष्यभर तो तिथूनच जातो. आज गाडीपाशी थांबला, दगडाकडे बघितलं, आणि पुढून वळसा घालून गेला.